बटाटेवाला, घोडेवाला आणि मी

मंगळवारी आम्ही कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, मॅच जिंकलो आणि वर बीअरचे पैसेही आम्हीच भरले. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनमध्ये आठ हिवाळे काढले, उणे तीस अंगवळणी पडलं, पण हे काही पचत नाही. इथं जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायची असते.

खरी चिडचीड त्याची नाही. समोरच्या टीममध्ये एक आजोबा होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, एकेकाळचे क्लबचे चॅम्पियन. शेवटच्या डावात त्यांच्या टीमचा दगड झकास निघाला होता. वीस किलोचा ग्रॅनाइट, पुढे हे ब्रश घासत पळतायत. घासलं की दगड लांब जातो आणि कमी वळतो. निम्म्या वाटेत आजोबांनी हात वर केला, दगड थांबवला आणि उचलून बाजूला ठेवला. म्हणे माझा ब्रश दगडाला लागला, दगड बाद! कुणी पाहिलं नव्हतं. अंपायर नव्हताच. आम्ही एका गुणानं जिंकलो.

अहो, एवढं कशाला? गल्लीत कट लागल्याचा आवाज पार कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं ऐकला तरी आम्ही क्रीज सोडली नाही. कुणी बघितलं नाही तर ते झालंच नाही, हा आमचा साधा हिशेब. आणि आम्ही काही वाईट माणसं निघालो नाही.

बीअरवर कळलं की आजोबा रेसच्या घोड्यांचे मालक होते. मालक म्हणजे, चार मित्रांत एक घोडा. नॉर्थलँड्सच्या ट्रॅकवर पळवायचे. आता तो बंद झालाय. कर्लिंगमध्ये कप मिळाले, घोड्यांनी फक्त बिलं दिली, असं सांगून स्वतःच हसले.

त्यांचं दैवत हेक जर्व्हे. इथलाच, सेंट अल्बर्टकडचा धिप्पाड शेतकरी, टोपणनाव ‘फ्रेंडली जायंट’. १९६१ मध्ये ब्रायर, म्हणजे कर्लिंगमधलं कॅनडाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकला, त्याच वर्षी स्कॉटलंडला जाऊन स्कॉच कप, म्हणजे तेव्हाचं जागतिक अजिंक्यपदही आणलं, आणि मग तब्बल तेरा वर्षांनी, १९७४ मध्ये, पुन्हा ब्रायर. शेती कसली? बटाट्याची!

इथं मी सरसावून बसलो. आम्ही सातगाव पठारचे, बटाटा आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्या मामांनीही बटाट्याच्या पैशावर बैलगाड्याचे बैल सांभाळलेत. गाड्यापुढे घोडी पळते, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी बसली की भंडारा उधळतात, हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. बंदीच्या वर्षांतही मामांनी बैल विकले नाहीत हेही सांगितलं. बंदी का आली होती ते मात्र गाळलं. प्रत्येक गोष्ट परक्यांपुढे उलगडायलाच हवी असं थोडंच आहे? त्यांच्या घोड्यांनाही चाबूक बसतच असेल की.

तरी एक मान्य करतो. अल्बर्टातल्या शेतकऱ्याचं रान पाच महिने बर्फाखाली असतं, त्याला खेळायला सवड आहे. मामांना एक पीक निघतं न निघतं तोच दुसऱ्याची घाई. नाहीतर राष्ट्रीय चॅम्पियन आमच्या पठारावरही निघाले असते. कशात ते विचारू नका.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बैल तुमच्या मामांना ओळखतात?” मी म्हटलं, पायरवावरून. ते म्हणाले, माझा शेवटचा घोडाही तसाच होता. मग बराच वेळ ग्लासकडे बघत बसले. मला उगाच मामांना फोन करावासा वाटला. तिकडे पहाट झाली होती, धारा काढत असतील.

निघताना त्यांनी हात मिळवला, “छान खेळलास” म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. चौथ्या डावात माझाही ब्रश लागला होता, अगदी जरासा. दगडाची दिशा बदललीसुद्धा नसेल.