मलपेचं बेट आणि आईचं कानडी

सोमवार, रात्री. उडुपीचं लॉज.

पाय नुसते ठणकतायत पण आज लिहिलं नाही तर सांगलीला गेल्यावर काय लिहिणार नाही हे नक्की. काल पहाटे मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेस धरली, लोंढा गेल्यावर दूधसागरला दारात उभं राहून घेतलं, जानेवारीत पाणी अगदीच किरकोळ पण घाट भारीच, आणि संध्याकाळी इथं. आईला कृष्णमठ बघायचा होता, दादाला पॅरासेलिंग, वहिनीला फक्त सुट्टी. मला बेट.

तर आज सकाळी मलपे बंदर. मासळीचा वास असा की वहिनीनं नाकाला धरलेली ओढणी बोट सुटेपर्यंत सोडली नाही. सेंट मेरीज बेट किनाऱ्यापासून साधारण ६ किमी, पावसाळ्यात बोटी बंदच असतात. मोठी बोट थेट बेटाला लागली नाही, अलीकडंच आम्हाला छोट्या होडीत उतरवलं आणि तिथं आईचं जे सुरू झालं! तिचं माहेर जत तालुक्यातलं, त्यामुळं कानडी येतं. होडीवाल्याला म्हणाली हळू घ्या हो, तो हसला, काहीतरी बोलला, आईला निम्मंच कळलं कारण तो मधेच तुळूत, म्हणजे इथल्या भाषेत, शिरत होता. पण हात धरून पहिलं तिलाच उतरवलं त्यानं, आम्ही बसलो पाणी अंगावर घेत.

बेटावर वाळू फार नाहीच, शिंपल्यांचा चुरा. अनवाणी चालायला गेलो आणि चार पावलांत चप्पल परत घातली. नारळाची झाडं, पाणी हिरवट निळं, आणि मग ते खडक. उभे खांबच्या खांब एकाला एक चिकटून, कुणाला पाच कडा कुणाला सहा, कुणी पाथरवटानं घडवून ठेवावेत इतके नेटके. लाव्हा थंड होताना आकसतो म्हणून तडे जातात, उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात अगदी तसंच, फक्त इथं भेग वरून खाली सरळ उतरत गेली. मी हे दादाला सांगत होतो तर म्हणतो, "म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड की." नाही ना! आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हा पावणेनऊ कोटींच्या घरातला, मादागास्कर भारतापासून तुटत होता तेव्हाचा. मी एका खांबाच्या माथ्यावर हात ठेवून बघितला, उन्हानं तापलेला, आणि कडेच्या फटीत एक इवलासा खेकडा बसलेला, हात हलवला की आत, थांबलो की परत बाहेर.

वास्को द गामा १४९८ साली इथं उतरला, नाव त्यानंच दिलं असं सांगतात. गर्दी मात्र सगळी सेल्फीची.

पोहायचा विषय निघाला. मी कृष्णेत माई घाटावर पोहायला शिकलेला माणूस, पूर आला तरी फारसं न भिणारा, मला वाटलं कडेकडेनं जाऊ. गार्डनं शिट्टी मारली. आधी राग आला. मग दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो तर एक लाट खडकावर आली आणि परत जाताना जे ओढून नेत होती ते बघून गप बसलो. नदी एकाच दिशेनं ओढते, हिचं काय सांगता येत नाही. त्या गार्डला दिवसभर उन्हात लोकांच्या शिव्या खात उभं राहावं लागतं, मला तर वाटतं तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होतात.

दुपारी मलपे बीचवर दादा पॅरासेलिंगला गेला, वर जाताना ओरडला ते बीचभर ऐकू गेलं, खाली आल्यावर म्हणे "मी ओरडलोच नाही." वहिनीकडं व्हिडिओ आहे.

आता जेवताना पुढचं ठरवतोय. दादा म्हणतो मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटावर स्कूबा करू, आई म्हणते एकदा पाण्यात बसले तेवढं बास. माझं म्हणणं, पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला असेच खांब आहेत, ते आपल्या दख्खनच्या दगडातले, येत्या रविवारी गाडीवर जाऊन येऊ. वहिनी तयार. दादानं विचारलं, तिथं जेवायला काय मिळतंय.