कुलरच्या मागचा बोर्ड

आज कॉलेजात अंतर्गत तक्रार समितीचा, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा कार्यक्रम, मी समितीत नवीनच म्हणून बोलायचं काम माझ्याच गळ्यात. सुरुवातीलाच विचारलं, समितीचा बोर्ड कुठे आहे सांगा बरं? एक हात वर नाही. मग एक पोट्टी हळूच म्हणे, मॅडम तो कुलरच्या मागे आहे. जाऊन पाहिलं तर खरंच, आणि वर ज्यांचा नंबर त्या मॅडम कधीच्या रिटायर! लाज वाटली बापा.

स्लाइड बंद केल्या अन् साधंच सांगितलं, यूजीसीचा २०१५ चा नियम आहे, तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यायची, चौकशी ९० दिवसांत, विद्यार्थ्यांचा मामला असला तर समितीत ३ विद्यार्थी पण असतात, आणि पोट्टेही तक्रार करू शकतात. यावर मागच्या बेंचवर हसू पिकलं. पिकू दे.

नंतर कोणीतरी दारात घुटमळत होतं. "मॅडम, नाव गुप्त राहते ना?" राहते म्हटलं, बस आधी, पाणी पी. पुढचं इथे लिहिणार नाही.

सीताबर्डीला मेट्रो बदलताना आठवलं, बोर्ड अजून तिथेच आहे. उद्या कुलर हलवतो का बोर्ड, ते शिपाई काका आणि मी ठरवू.