जामीनपत्र जप्त झालं, आता जामीनदाराने काय करायचं?

आरोपी तारखेला येत नाही, वॉरंट निघतं, आणि सातबारा देऊन जामीन राहिलेल्या माणसाच्या दारात नोटीस येते: जामीनपत्र जप्त, म्हणजे त्यात लिहून दिलेली रक्कम आता दंड म्हणून भरायची. तो वकिलाला सांगतो, "साहेब, मी गरीब माणूस. तो कुठे पळाला मला काय ठाऊक?" खरं असेलही, पण या आदेशाविरुद्धचं अपील त्यावर उभं राहत नाही. ते उभं राहतं रोजनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या तारखेवार नोंदींवर.

म्हणून आधी जामीनपत्राची आणि रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मागवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४४६) दोन पायऱ्या आहेत. अटीचा भंग झाल्याचं न्यायालयाने कारणांसह नोंदवायचं आणि जामीनदाराला विचारायचं: दंड भर, नाहीतर का भरू नये ते सांग. खुलासा पटला नाही आणि पैसेही आले नाहीत, तरच वसुली. रोजनाम्यात मात्र कधी कधी एकाच तारखेला एवढंच सापडतं: "आरोपी गैरहजर. जामीनपत्र जप्त. जामीनदाराकडून रु. १५,००० वसूल करावेत." जामीनदाराला विचारायची पायरीच गायब! अपिलातला पहिला मुद्दा हाच. दंड का भरू नये हे सांगायची संधी जामीनदाराला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम मेहदी प्रकरणात १९६० सालीच सांगितलंय.

नोटीस रीतसर मिळाली असेल तर खुलासा लेखीच द्या. आरोपी दुसऱ्या गुन्ह्यात आत होता? तुरुंगाचा दाखला जोडा. दवाखान्यात होता? डिस्चार्ज कार्ड. तोंडी सांगितलेलं नोंदीवर येत नाही, मग अपिलात दाखवणार काय?

अपील कलम ४९५ खाली (जुनं ४४९). दंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर सत्र न्यायाधीशांकडे, मुदत ३० दिवस. सत्र न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात, ६० दिवस. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून नकलेवरच्या तारखा नीट पाहा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत लावा. समोरचा पक्ष शासन, आरोपी नव्हे.

अपील दाखल झालं म्हणून वसुली थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि काही रक्कम भरायची अट पडेल हे धरून चला. कारण ही वसुली गुन्ह्यात ठोठावलेल्या दंडासारखीच होते: जंगम मालाची जप्ती, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे. तरीही पैसे निघाले नाहीत तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

अपिलात पर्यायी मागणी हमखास विसरली जाते. ४९१ च्या पोटकलम ३ प्रमाणे न्यायालय कारणं नोंदवून दंडाचा काही भाग माफ करू शकतं. गरिबी मांडायची ती इथे. आरोपी नंतर हजर झाला किंवा जामीनदारानेच त्याचा पत्ता पोलिसांना लेखी कळवला, तर तेही इथेच. त्याने जप्ती पुसली जात नाही, आकडा कमी होऊ शकतो.

अपील मंजूर झालं आणि सातबाऱ्यावर बोजा चढलेला असेल, तर तो आपोआप उतरेल असं समजू नका. आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन आधी मूळ न्यायालयात आणि मग तलाठ्याकडे जावं लागतं.