काचेवरचा कागद

संक्रांतीला आमच्या दवाखान्यात कुत्री-मांजरी कमी आणि पक्षी जास्त येतात. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी तेच. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत दोन घारी, पाच पारवे आणि पंखाचा पडदा फाटलेलं एक वटवाघूळ एवढे पेशंट झाले होते. शेवटच्या घारीला टाके घातले, हात धुतले, कंपाउंडरने पुढे केलेली तिळाची वडी तोंडात टाकली आणि फोन वाजला.

"सर, साप हात सोडत नाहीये."

सापाचा फोन म्हटलं की आधी नाग, घोणस, मण्यारच डोळ्यांपुढे येतात. पोटात गोळाच आला. मग आवाज ओळखला. इंदिरानगरचा इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याच्याकडे बॉल पायथन आहे, पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी, साडेतीन फुटांचा. घाबरला की गुंडाळी करून चेंडू होतो म्हणून हे नाव.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "काही झालं तरी ओढायचं नाही. निघालोच."

आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत, हे इथे सांगून टाकतो. नाग, घोणस, धामण, अजगर यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरात ठेवलेली धामण घेऊन कोणी आलं तर मी आधी वनखात्याला कळवतो. परदेशी सापाचं वेगळं. तो नोंदणीच्या यादीतला असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद लागते. हा पोरगा जूनमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा मी तपासायच्या आधी कागद मागितला होता आणि त्याने तो फाइलमधून काढून दिला होता. म्हणजे पोरगा हौशी असला तरी बेजबाबदार नव्हता.

जूनमध्ये आला होता तो सापाच्या पाठीवरची जखम घेऊन. पांढरा उंदीर जिवंत आणून पेटीत सोडला आणि हा अभ्यासाला बसला. सापाला त्या दिवशी भूक नव्हती. उंदराला होती. तासाभराने बघतो तर उंदराने सापाची पाठ कुरतडलेली, दोन ठिकाणी खालचं मांस दिसत होतं. साप शिकारी खरा, पण बंद पेटीत त्यालाही पळायला जागा नसते. मी जखम साफ करून औषध दिलं आणि बजावलं, की यापुढे जिवंत काही घालायचं नाही. मेलेला, गोठवलेला उंदीर आणायचा, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच जाड, आणि कोमट करून लांब चिमट्याने द्यायचा. आणखीही एक गोष्ट लिहून दिली होती. ती मात्र मी साफ विसरलो होतो.

दार आजींनी उघडलं. हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या असाव्यात, अंगावर काळी चंद्रकळा, हातात वाणाची पिशवी तशीच. मागे शेजारचे काका काठी घेऊन तयारीत. पोरगा फरशीवर मांडी घालून बसला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी सापाने तोंड रुतवलेलं आणि मनगटाला दोन पक्के वेढे. बोटं जांभळट पडत चालली होती. समोर झाकण काढलेला प्लास्टिकचा मोठा डबा.

"डॉक्टर, मान धरून खेचू का?" काकांनी विचारलं.

"काका, काठी खाली ठेवा आणि बाथरूमचा गार पाण्याचा नळ सोडा."

अजगराच्या जातीचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. हात ओढला की ते जास्त रुततात, कातडी फाटते, दात तुटून जखमेत राहतात, सापाचं तोंड जखमी होतं ते वेगळंच. म्हणून आधी शेपटी. वेढा सोडवायचा तो शेपटीच्या टोकाकडून, दोरीचा पीळ उलगडावा तसा. डोक्याकडून जोर लावला तर तो आणखी आवळतो. दुसरा वेढा सुटल्यावर बोटांना रंग आला. मग हात नळाखाली धरला. जानेवारीतलं नाशिकचं पाणी, मलाच कळ आली. तरी हा सोडेना. खिशातलं सॅनिटायझर काढलं, कापसाच्या बोळ्यावर थोडंसं घेऊन त्याच्या तोंडाच्या कडेला नुसतं टेकवलं. पाच-सात सेकंद गेले. जबडा सैल झाला तसं मी त्याचं डोकं अलगद पुढे, म्हणजे हाताच्याच दिशेने, दाबलं आणि दात मोकळे झाल्यावर उचललं. अर्धगोलात बारीक टाचण्या टोचाव्यात तशी रक्ताची टिंबं उमटली. इतकंच. साबणाने धुवायला लावलं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सकाळीच माणसांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.

साप परत पेटीत ठेवायला वळलो आणि काचेवर सेलोटेपने चिकटवलेला कागद दिसला. माझ्या दवाखान्याचं लेटरहेड, माझं अक्षर. तिसरी ओळ: 'खाणे वेगळ्या डब्यात देणे. झाल्यावर परत ठेवणे.'

पोराने अक्षरशः माझं ऐकलं होतं.

हा सल्ला मी विद्यार्थी असताना ऐकला होता आणि पुढे न तपासता देत आलो. कारणं अशी, की पेटीत खायला दिलं तर साप पेटीत येणारा प्रत्येक हात खाणं समजतो आणि तळाला पसरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याच्या पोटात जातं. पहिलं कारण टिकत नाही. पेटी रोज उघडते, पाणी बदलायला, घाण काढायला. त्यातल्या दहा-पंधरा दिवसांतून एकदाच खाणं येतं. उलट वेगळ्या डब्यात हलवायचं म्हणजे खाण्याआधी एकदा आणि खाल्ल्यानंतर एकदा असं दोनदा हाताळायचं. त्यातली दुसरी वेळ सर्वांत वाईट. उंदराचा वास हवेत, पोराच्या बोटांनाही, आणि शिकारीचा ताव अजून उतरलेला नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात. बाहेर आठ-नऊ अंश थंडी, खोली गार, डबा गार. त्या डब्यात त्या क्षणी सर्वांत गरम वस्तू होती ती या पोराचा हात. सापाची काहीच चूक नव्हती.

मी हे सगळं पोराला तिथेच सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. तो "नाही सर, असं काही नाही" म्हणत राहिला. आजी मात्र पटकन म्हणाल्या, "मग ते खोडा की."

खोडलं. कोकोपीटचं काय, तर पेटीत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवायचा आणि उंदीर कोरडा करून चिमट्याने त्यावर द्यायचा. एरवी साप बाहेर काढायचा असेल तेव्हा आधी कागदाच्या सुरळीने त्याच्या अंगाला हलकंच टेकवायचं, म्हणजे आता खाणं नाही हे त्याला कळतं. आणि खाल्ल्यावर किमान दोन दिवस हात लावायचा नाही.

आजींचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. त्यांनी मला फ्रीजपाशी नेलं. फ्रीझरमध्ये डावीकडे मोसमातले सोललेले मटार, उजवीकडे आइस्क्रीमच्या डब्यात नातवाचे उंदीर. "नागपंचमीला मी विळीला हात लावत नाही, तवा ठेवत नाही, आणि माझ्या मटाराशेजारी हे!" उंदीर कुठे सुटे करतोस म्हणून विचारलं तर पोरगा स्वयंपाकघरातल्या सिंककडे बघायला लागला. इथे मी आजींच्या बाजूने. उंदरांत साल्मोनेला असू शकतो आणि गोठवल्याने तो मरत नाही. त्यासाठी भांडं वेगळं, चिमटा वेगळा, जागा बाथरूममध्ये. रात्रभर खालच्या कप्प्यात बंद डब्यात सुटा होऊ द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, आतपर्यंत कोमट होईस्तोवर. मायक्रोवेव्ह कधीच नाही. बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, आणि फुटला तर ओव्हन टाकूनच द्यावा लागेल. "ओव्हनला हात लावून बघ म्हणावं," आजी म्हणाल्या.

निघताना त्यांनी तिळगूळ दिला आणि हळूच विचारलं, "याला थोडं दूध चालेल का हो? एवढं झालं, दमला असेल." दूध नको, पाणी पुरे, असं सांगून उतरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. सापाने उंदीर उलटून टाकला होता. वास जिन्यापर्यंत. मला त्याची धास्ती होतीच. गिळल्यावर साप सुस्त पडतो खरा, पण आत मोठं काम चाललेलं असतं. बर्मी अजगराचं हृदय खाल्ल्यानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं मोजलं गेलंय. आणि हे सगळं चालतं बाहेरच्या उष्णतेवर. आमच्या पेशंटला भरल्या पोटी मी वेढे उलगडून, गार पाण्याखाली धरून सोडवलेलं. त्यात आदल्या रात्री त्यांच्या भागातली लाईट चार तास नव्हती, पेटीला ऊब देणारी हीट मॅट बंद. पोटात ऊब नसली की उंदीर पचायच्या आधी सडतो, आणि साप तो बाहेर फेकतो.

आता दोन आठवडे काहीच द्यायचं नाही, फक्त पाणी. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २६च्या आसपास, मॅटला थर्मोस्टॅट, आणि लाईट गेली की काचेवर गोधडी. हवेला फट ठेवून. पोराने सगळं लिहून घेतलं, या वेळी त्याच्या अक्षरात.

त्या दोन आठवड्यांत मी दवाखान्यातले जुने केसपेपर काढले. साप पाळणारे माझ्याकडे मोजून चार. बाकी तिघांनाही तीच ओळ लिहून दिलेली. तिघांना फोन केले. एकाने सांगितलं, "सर, आम्ही ते कधीच केलं नाही, कंटाळा यायचा." सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्याकडे आता दोन साप आहेत आणि तो दोघांना एकाच डब्यात खायला घालत होता, डबा एकच आहे म्हणून. एकाच उंदराला दोन्ही बाजूंनी दोघे चिकटले तर एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो. त्याला मी फोनवरच बराच वेळ बोललो, जरा जास्तच चढ्या आवाजात. कंपाउंडर दार लोटून बाहेर जाऊन उभा राहिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री व्हिडिओ आला. शहाबादीचा तुकडा, लांब चिमटा, त्याच्या टोकाला लहानसा उंदीर. साप बराच वेळ नुसता जीभ काढत राहतो, मग एकदम झडप. चिमटा शांतपणे मागे जातो. कोपऱ्यात काचेवरचा कागद दिसतो, तिसरी ओळ खोडलेली. आणि मागून आजींचा आवाज, "गिळला का रे? आता दार लाव पेटीचं, गारठेल तो."