इंजिन बदललेल्या जुन्या पिकअपचे किती द्यायचे? तुम्ही विचारलंत म्हणून

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी फोटो पाठवतं. चपट्या तोंडाची जुनी महिंद्रा एफसी, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल पिकअप, नाहीतर जीपला मागे हौदा जोडून केलेली पिकअप, बाजूला मालक कमरेवर हात ठेवून उभा, आणि खाली एकच ओळ, भाऊ डिझेल इंजिन टाकलंय, किती द्यायचे? मी वणीजवळ डिझेलचं काम करतो, ट्रॅक्टर पोटासाठी आणि जुन्या गाड्या हौसेसाठी. फोटोवरून किंमत मी सांगत नाही. पण इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी हे इंजिन का बदलतात ते. एफसी-150 महिंद्राने 1965 पासून बनवली, त्यात जीपचंच 2.2 लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, आणि ते कुठे तर ड्रायव्हर आणि बाजूच्या माणसाच्या मधे, झाकणाखाली. कापूस जिनिंगला न्यायचा तर पेट्रोल परवडेना, मग कोणी ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, कोणी नंतरच्या महिंद्रा जीपमधलं प्यूजो डिझेल. गरज होती म्हणून केलं, त्याला मी नावं ठेवत नाही. फक्त मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना मांडीला मांडी लावून डिझेल इंजिन घेऊन चंद्रपूरपर्यंत जाऊन बघा एकदा, म्हणजे मग विकणारा एसीचं का बोलत नाही ते कळेल.

विकणाऱ्याचा हिशोब ठरलेला असतो. गाडी एवढ्याची, वर इंजिन साठ हजाराचं, फिटिंगचे वीस, करा बेरीज. मी पण एकदा अशीच बेरीज करून फसलोय. नऊ वर्षांपूर्वी घाटंजीकडून एक पिकअप घेतली, पंच्याऐंशी हजाराला, एका सेल्फमध्ये चालू व्हायची, धूर नाही, मी खूश. घरी आणून खाली शिरलो तर समोरचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिसची आडवी पट्टी, गॅस कटरने अर्धा खाल्लेला, का तर ट्रॅक्टर इंजिनचा ओतीव ऑइल चेंबर खाली बसत नव्हता. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून मधे पाइपचा तुकडा वेल्ड केलेला, आणि माउंटिंगचे रबर म्हणजे जुन्या टायरचे चार चौकोन, बोल्टने दाबलेले. आता बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चेसिसच नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हाच त्याचा कणा, म्हणून ते जड असतं आणि थरथर झाली तरी तिथे कोणी विचारत नाही. तेच चेसिसवर टांगलं की सगळी थरथर बॉडीत. चाळीसच्या वर आरशात मागचा रस्ता दिसायचा नाही, नुसती रेघ. त्या गाडीवर मी पुढे अजून पैसे लावले, ते किती ते घरी सांगितलं नाही, आणि शेवटी सुट्टे पार्ट करून विकली.

तेव्हापासून इंजिनचा आवाज मी सगळ्यात शेवटी ऐकतो. आधी बोनेटला, म्हणजे एफसी असेल तर त्या मधल्या झाकणाला, हात लावतो. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, चहा घ्या, थंड होऊ द्या. मग मागच्या चाकाशी. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं एकच चाक जॅकवर, आणि ते हाताने दोन फेरे फिरवा (दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं म्हणून एकाऐवजी दोन), शाफ्टवर खडूची खूण करून तो किती फिरतो ते मोजा. पाच आणि वर थोडं आलं की समजा जुनाच एक्सल आहे, जुन्या जीपच्या एक्सलमधल्या मोठ्या गिअरला, क्राउनला, 43 दात आणि छोट्याला, पिनियनला, 8, म्हणजे 5.38. पेट्रोल इंजिन 4000 आरपीएमपर्यंत जायचं म्हणून हे चालायचं. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजाराच्या आसपास दमतं. चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटर धरलं तर दोन हजारला, टॉपमध्ये, गाडी पन्नास. बस. शेतातून जिनिंगला ठीक आहे, नागपूरला जायचं स्वप्न असेल तर एक्सलचे पैसे आधीच किमतीतून कापा.

कागदाचं थोडक्यात सांगतो कारण तिथे वाद नसतो. आरसीवर पेट्रोल आणि गाडीत डिझेल, इंजिन नंबर वेगळा, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाला हाच कागद पुढे करेल. आणि जे पोरं विंटेज विंटेज करतात त्यांच्यासाठी, 2021 मध्ये नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी 20 हजार, पण चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही, आणि धंद्याला वापरायची नाही. म्हणजे जे डिझेल इंजिन दाखवून तो जास्त पैसे मागतोय त्याच इंजिनमुळे गाडी विंटेजमधून बाहेर.

म्हणून माझा पहिला प्रश्न हल्ली वेगळाच असतो. मागच्या दिवाळीनंतर आर्णीकडचा एक पोरगा मला गाडी दाखवायला घेऊन गेला, एफसीच होती. मालक म्हातारा, सत्तरीचा.

"इंजिन पाहा ना भाऊ, एका सेल्फमंदी उचलते."

"बाबा, जुनं इंजिन कुठी हाय?"

"थे? थे पडलं असन कोठ्यात, कुटाराखाली. काहून?"

मी खाली शिरून पाहिलं. फिटिंग करणाऱ्याने चेसिसला कुठेच कटर लावला नव्हता, जुन्या भोकांवरच बोल्टने पट्ट्या कसल्या होत्या, कोण मिस्त्री होता त्याचे हात धरावे वाटले. उद्या जुनं इंजिन बसवायचं म्हटलं तर बसेल. दोन पोट्ट्यांनी कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, उपसलं, ओढत बाहेर काढलं. कार्बोरेटर गायब, डिस्ट्रिब्युटरमध्ये उंदराचं घरटं, पण ब्लॉकवर वायर ब्रश मारला तर नंबर आरसीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. पोराला म्हटलं, पंधरा हजार वाढवून दे आणि हे आजच टेम्पोत टाक.

म्हाताऱ्याला अजून वाटतं ते पंधरा डिझेल इंजिनचे वाढले. भेटला की सांगतो, तरी मी म्हणत होतो, इंजिन लय जोरदार हाय.