अ अननसाचा राहू द्या, आधी ग, न, म

तीन-चार वर्षांचं मूल तक्त्यावरचं ‘अ अननसाचा’ आठवडाभरात घडाघडा म्हणतं. चित्र हाताने झाकलं की अडतं, कारण पाठ झालेला असतो अननस. शिवाय अ आणि इ वळणाला कठीण, आणि अं-अः घरातल्या बोलण्यात सुटे येतच नाहीत. म्हणून सुरुवात ग, न, म, र यांनी करावी. चार अक्षरांत ‘मन’, ‘नग’, ‘नगर’ वाचता येतात.

अक्षरं बोटांना कळायला हवीत. नाशिकमध्ये द्राक्षांच्या हंगामात फळवाल्याकडे रिकामी खोकी मिळतात. त्यांच्या पुठ्ठ्याचे १० सेंमीचे चौकोन कापा. अक्षरांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद, आणा. ८० नंबरचा बोटांना बोचतो. एका तावात साधारण सहा अक्षरं बसतात. अक्षर पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. सरळ काढलंत तर कापून पालथं केल्यावर ग उलटा निघतो. रेघेची जाडी १ सेंमी. कात्री जुनीच घ्या, नवीची धार जाते. फेविकॉलचा हात पातळ लावून कापलेलं अक्षर चौकोनावर चिकटवा आणि रात्रभर पाटाखाली दाबून ठेवा, नाहीतर कडा वर येतात.

मुलाने दोन बोटं लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि तोंडाने फक्त ‘म’ म्हणायचं. शिरोरेघ शेवटी. मग तीन कार्डं मांडून ‘म दे’, ‘न उशीखाली लपव’ असा खेळ. ‘हे कुठलं अक्षर?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण ओळखण्यापेक्षा आठवणं अवघड. दहा मिनिटं पुरे. मूल कार्ड फेकायला लागलं की समजायचं, उशीर झाला.

भ मात्र म पक्का झाल्यावरच. या दोघांत मुलं हमखास घोळ घालतात. भ ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. ती सलग ओढली की भ चा म होतो. ध चा घ आणि थ चा य होतो तो असाच. ‘नीट बघ’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. भ च्या कार्डावर त्या फटीत लाल ठिपका द्या आणि बोट तिथे उचलायला लावा.

गिरवायला ताटात रवा घ्या, पण मूठ-दोन मूठच. थर जाड झाला की रेघ लगेच बुजते. स्टीलच्या ताटात रेघ उठून दिसत नाही, गडद रंगाचा ट्रे बरा. चिंचोके मांडून अक्षर करणं मुलांना फार आवडतं. ते चार वर्षांच्या पुढच्यांनाच द्या, तेही समोर बसून. लहानगी नाकात घालतात.

बाहेर पडलात की पाट्या आहेतच. इंदिरानगर, राजीवनगर, गोविंदनगर: ‘नगर’ शोधायला लावा. नक्षीदार अक्षरांच्या पाट्या सोडून द्या. आणि मोबाइलवरून अक्षरं छापणार असाल तर ल आणि श तपासा; बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, तक्त्यावर मराठी वळणाचे असतात. मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. हे दोन हाताने काढलेले बरे.