स्विफ्ट प्रकल्प : आधी सीट, मग हेल्मेट

केजचं (गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं) वेल्डिंग संपलं, प्रायमर लागला आणि गाडी घरी आली. आपली २००५च्या पिढीतली १.३ पेट्रोल स्विफ्ट, शर्यतीसाठी तयार होतेय. आता आतून ती घरगुती गाडी राहिलेली नाही. छताचं अस्तर निघालं, सन व्हायझर निघाले, मागची सीट गेली. पुढचं काम हेल्मेटचं, आणि त्यात अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ गेला. तो सत्कारणी लागला असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हेल्मेट डोक्याला बसणं आणि हेल्मेट घातलेलं डोकं गाडीत बसणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुकानात फक्त पहिली देता येते. दुसरी गाडीतच द्यावी लागते, तीही सीट, पट्टे आणि केज कायमच्या जागी बसल्यावर.

ही अडचण जुनीच आहे. १९६७च्या ल माँ या २४ तासांच्या शर्यतीसाठी फोर्डने जीटी४०च्या मालिकेतली मार्क ४ तयार केली, तेव्हा सहा फुटांहून बऱ्याच उंच असलेल्या डॅन गर्नी या चालकाचं हेल्मेट छताला लागत होतं. जीटी४० या नावातला आकडाच मुळी गाडीच्या ४० इंच उंचीचा, म्हणजे जेमतेम एक मीटर. शेवटी त्याच्या डोक्यावरच्या छताला फुगवटा काढला. गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी ती शर्यत जिंकली आणि त्या फुगवट्याला गर्नीचं नाव कायमचं चिकटलं. पुढच्याच वर्षी जर्मन ग्रांप्रीत पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट फॉर्म्युला वनमध्ये आणणाराही हाच गर्नी. आपल्याला छताला फुगवटा काढता येत नाही. आपल्या हातात सीट खाली घेणं आहे.

स्विफ्टचं छत उंच, पण मूळ सीटही उंच. त्या रुळांवर बकेट सीट (अंग दोन्ही बाजूंनी धरणारी रेसिंगची सीट) ठेवली असती, तर हेल्मेट आणि केजची आडवी नळी यांच्यात बोटभरही जागा उरली नसती. म्हणून रूळ काढून टाकले, फरशीवर आडव्या नळ्या वेल्ड केल्या आणि सीट बाजूच्या ब्रॅकेटवर अगदी खाली बसवली. सीट आधी फक्त क्लॅम्पने धरून मी आत बसायचो, वेल्डर बाहेरून टेप लावायचा. एकदा तो म्हणाला, "दादा, अजून दोन बोटं खाली जाईल, पण मग क्लच पूर्ण दाबून दाखवा." बरोबर होतं त्याचं. फार खाली गेलं की मांडी सीटच्या कडेवर चढते, क्लच अर्धाच दबतो आणि स्टिअरिंगचं वरचं टोक डोळ्यांसमोर येतं. वळणाचा अ‍ॅपेक्स (सगळ्यात आतला बिंदू) दिसणार नसेल तर डोक्यावरच्या जास्तीच्या जागेचा काय उपयोग? जिथे दोन्ही जमलं, तिथे थांबलो.

सीटची उंची पक्की झाल्यावरच हार्नेसची, म्हणजे पट्टे अडकवायची, आडवी नळी वेल्ड केली. हा क्रम सोडू नका. हॅन्स (मान सांभाळण्यासाठी खांद्यांवर बसणारं, हेल्मेटला अडकणारं उपकरण) वापरायचं असेल तर खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे आडव्या रेषेत जायला हवेत, किंवा फार तर २० अंश खाली उतरायला हवेत. नळी आधी लावली आणि सीट मागाहून खाली घेतली, तर पट्टे खांद्यावरून वर चढतात आणि खांदे नीट धरत नाहीत.

आता जागेचं मोजमाप. पट्टे करकचून आवळून बसायचं, डोकं सीटला टेकवायचं आणि टाळूपासून वरच्या नळीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्यायचं. टाळूवर हेल्मेटची जाडी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर धरा. उरतं ते खरं अंतर. माझं ७ सेंटिमीटर उरलं. नळीवरच्या पॅडिंगची जाडीही त्यातूनच जाते. ५ सेंटिमीटरच्या खाली मी जाणार नव्हतो, कारण गाडी उलटली की सहा पॉइंटचे पट्टेसुद्धा ताणले जातात आणि माणूस सीटमधून वर उचलला जातो.

वरची नळी सगळ्यांच्या लक्षात असते. कडेच्या नळ्या मात्र नजरेतून सुटतात. त्यासाठी मित्राचं माझ्या मापाचं हेल्मेट आणलं, त्यावर स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म गुंडाळलं आणि वर ओला गेरू फासला. मग पट्टे लावून डोकं जाईल तितकं चारी दिशांना नेलं, आणि दरवाज्याकडे झुकताना पट्टे जरा सैलही केले. मुख्य हूपचा (सीटमागच्या कमानीचा) उजवा खांदा आणि दारावरची नळी, दोन्हीकडे गेरूचे डाग उमटले. तिथे आता एफआयए (मोटारशर्यतींची जागतिक संघटना) ८८५७-२००१ मानकाचं टणक पॅडिंग लागणार आहे. प्लंबिंगच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम इथे कामाचा नाही, तो पहिल्या ठोक्यात चपटा होतो. केजवर हेल्मेटशिवाय डोकं आपटलं तर काय होईल, हा विचारही करवत नाही. म्हणून केज लावलेली गाडी मी रस्त्यावर चालवत नाही. घरीसुद्धा ती ट्रेलरवरून आली.

मानकाचं थोडक्यात. बाइकचं आयएसआय हेल्मेट इथे चालत नाही, आणि ती निव्वळ कागदाची बाब नाही. स्नेल या हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसए, म्हणजे मोटारशर्यतींसाठीच्या, हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं आणि रोल बारवर होणाऱ्या आघाताची वेगळी चाचणी त्यांना पार करावी लागते. बाइकसाठीच्या एम मानकात या दोन्ही गोष्टी नाहीत. एसए २०१५ पासून हॅन्सच्या खुंट्यांसाठी एम६ आट्यांची सोय शेलमध्येच (बाहेरच्या कवचात) असते, त्यामुळे भोकं पाडायची गरज पडत नाही. शेलला स्वतः भोक पाडू नकाच, मानक तिथेच संपतं. हे मानक साधारण दर ५ वर्षांनी नवं येतं आणि जुनी मानकं स्क्रुटिनीत (शर्यतीआधीच्या तपासणीत) हळूहळू बाद होत जातात. म्हणून जुनं स्वस्तात मिळत असलं तरी मोह आवरा.

मापाकडे येतो. भुवयांच्या वर दीडेक बोट, कानांच्या वरून आणि मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून टेप फिरवायची. माझं ५९ सेंटिमीटर. पण घेर एक असला तरी आकार वेगळा असतो. कुणाचं डोकं पुढून मागे लांबट, कुणाचं गोलसर. माझं लांबट. त्यामुळे गोल शेलची हेल्मेट्स कपाळावर दाबायची आणि कानांपाशी सैल राहायची. आपल्याकडे एसए हेल्मेट्स दुकानात मांडून ठेवलेली क्वचितच दिसतात. म्हणून श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास सर्किटला शर्यती बघायला गेलो, तेव्हा पॅडॉकमध्ये (गाड्या तयार करतात त्या आवारात) ओळखीच्या लोकांची हेल्मेट्स मागून मागून घालून पाहिली. कुणी नाही म्हटलं नाही. आपल्या या छोट्या जगातला हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

घालून बघताना बालाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायचा कापडी मुखवटा) हवाच, कारण तोही जागा घेतो. पट्टा आवळून हेल्मेट हातांनी फिरवलं की गालाची आणि कपाळाची कातडी सोबत फिरली पाहिजे. मागच्या कडेला धरून वर ओढलं तरी ते निघता कामा नये. मग अर्धा तास तसंच बसायचं. गालाला घट्ट लागलं तर चालेल, गालाचे पॅड थोडे दबतात आणि बदलताही येतात. कपाळावर एका जागी दुखलं आणि काढल्यावर लाल वळ दिसला, तर ते हेल्मेट आपलं नाही. आतला थर्माकोलसारखा कडक थर दबत नाही, आणि दबायलाही नको.

बंद गाडीसाठी काही गोष्टी आपोआप गळतात. हेल्मेटमागचा स्पॉइलर (पंखासारखी कडा) एकआसनी गाडीत वाऱ्यासाठी असतो. इथे तो सीटच्या पाठीला अडतो आणि मान पुढे ढकलतो. डोक्यावर हवेची नळी जोडणारा प्रकार उंची खातो, नळी हवीच असेल तर बाजूने जोडायची घ्या. रॅलीच्या उघड्या हेल्मेटची टोपीसारखी झाप, सन व्हायझर काढले नसतील तर, त्यांना घासते. को-ड्रायव्हरशी बोलायचं असेल तर उघडं हेल्मेट सोयीचं, पण माझ्या गाडीत दुसरी सीटच नाही, म्हणून मी पूर्ण चेहऱ्याचं घेतलं. त्यात हनुवटीचा भाग हॅन्सच्या पुढच्या पायांवर घासत नाही ना, हे मान पूर्ण वळवून तपासलं. डावीकडच्या आरशापर्यंत नजर जाते का, तेही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली सीट मी मुद्दाम टाळली नाही, पण त्या कानांमधून हेल्मेट आत-बाहेर सहज होतंय ना, हे बघूनच ती पक्की केली. सरळ बसायच्या गाडीत हॅन्सचं २० अंशांचं मॉडेल पुरतं.

हलकं कार्बन फायबरचं हेल्मेट का घेतलं नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कार्बन आणि फायबर कंपोझिटमध्ये फरक फार तर ३०० ग्रॅमचा. आपल्या हॅचबॅकमध्ये वळणावर साधारण १ जी (वजनाइतकाच आडवा जोर) बसतो, म्हणजे मानेवर जास्तीचा भारही ३०० ग्रॅमचाच. ते पैसे मी पॅडिंग, हॅन्स आणि दोन जास्तीच्या बालाक्लाव्हांत घातले. चेन्नईच्या दमटपणात पहिल्या सेशननंतर बालाक्लाव्हा पिळून काढावा लागतो आणि ओला परत चढवणं नकोसं होतं. चष्मा असलेल्यांनी सरळ काड्यांचा वेगळा चष्मा करून घ्यावा. वळलेल्या काड्या हेल्मेटमध्ये कानांमागे जात नाहीत.

शेवटी घेतलं ते पांढरं, कंपोझिट शेलचं, बिनस्पॉइलरचं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण तो माझ्या डोक्याच्या आकाराचा आहे, तुमच्या असेलच असं नाही. ते घालून, हॅन्स अडकवून, पट्टे आवळून गाडीत बसलो, तेव्हा वरच्या पॅडिंगची जाडी वजा धरून ५ सेंटिमीटरच्या किंचित वर जागा उरली. डोकं मागे टेकतं, मान पुढे झुकत नाही.

पुढच्या आठवड्यात पॅडिंग बसेल. त्यानंतर अग्निशामकाची बाटली आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच. स्विचची दोरी बाहेरून कुठे काढली तर ट्रॅकवरच्या मार्शलच्या (मदतनीसाच्या) हाताला पटकन सापडेल, याबद्दल ज्यांनी स्विफ्टवर हे काम केलंय त्यांनी जरूर सांगा, फोटो असतील तर उत्तमच.